कॅमेलिया : चहाच्या झाडाचे वनस्पतिशास्त्र

मराठी घरात पाहुणा आला की पहिला प्रश्न चहाचा असतो. शेतावरची न्याहारी, कचेरीतील मधली सुट्टी, मयताच्या घरी जमलेली माणसे, लग्नाची बोलणी, यांपैकी काहीही चहावाचून पार पडत नाही. असे असूनही चहाचे झाड प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आपल्यात फार थोडी. त्याला फूल येते काय, फळ कसे असते, त्याचे सोयरे कोण, असे विचारले तर शिकलेला माणूसही क्षणभर थांबतो. रोज ओठांना लागणारी वस्तू डोळ्यांना अनोळखी राहावी, हे विद्येच्या दृष्टीने बरे नव्हे. म्हणून या लेखात ज्या वनस्पतिसमूहात चहाचे झाड मोडते, त्या कॅमेलिया नावाच्या आशियाई सदाहरित झुडपांची ओळख करून घ्यावयाची आहे.

आरंभी दोन पारिभाषिक शब्द स्पष्ट करू. वनस्पतिशास्त्रात एकमेकांशी निकटचे साम्य असणाऱ्या आणि आपापसांत वंश चालवू शकणाऱ्या वनस्पतींच्या गटाला 'जाती' म्हणतात. अशा जवळच्या जातींच्या समूहाला 'प्रजाती' म्हणतात. आणि प्रजातींच्या समूहाला 'कुल'. येथे 'जाती' हा शब्द समाजातील अर्थाने घ्यावयाचा नाही. शास्त्रातील जाती निरीक्षणाने ठरते, तिची मर्यादा पुराव्याने आखली जाते आणि नवा पुरावा हाती आला की ती मर्यादा पुसून पुन्हा आखली जाते. कॅमेलियाचा इतिहास हा अशाच एका चुकीच्या रेषेचा आणि ती पुसली जाण्याचा इतिहास आहे.

नाव आणि कुल

कॅमेलिया ही थिएसी कुलातील प्रजाती होय. तिचे नाव जॉर्ज जोसेफ कामेल यांच्यावरून पडले. कामेल (१६६१–१७०६) हे मोराव्हिया प्रांतातील ब्रनो गावचे. ते येशूसंघाचे धर्मबंधू होते व औषधे तयार करण्याचे शास्त्र जाणत. फिलिपाइन्समधील मनिला येथे राहून त्यांनी तेथील वनस्पतींचे वर्णन व चित्रे युरोपातील अभ्यासकांकडे पाठविली. पुढे स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी या प्रजातीला त्यांचे नाव देऊन त्यांची आठवण कायम केली.

लिनीअस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्पेशीज प्लँटॅरम' या ग्रंथात मात्र चहा आणि कॅमेलिया एकत्र नाहीत. चहाला त्यांनी 'थिआ' ही स्वतंत्र प्रजाती दिली व जपानी फुलझाडाला 'कॅमेलिया' ही दुसरी. त्यांची वर्गीकरणपद्धती मुख्यतः फुलातील केसरांची संख्या व मांडणी यांवर आधारलेली होती. चहाचे केसर सुटे आहेत असे मानून त्यांनी त्याला एका वर्गात घातले, आणि कॅमेलियाचे केसर तळाशी जुळलेले असतात म्हणून तिला दुसऱ्या वर्गात. अशा रीतीने सख्खी भावंडे दोन वेगळ्या घरांत वाढू लागली. वस्तुतः चहाच्या फुलातील बाहेरचे केसरही तळाशी थोडे जुळलेले असतात. फरक आहे तो प्रमाणाचा. १८१८ साली रॉबर्ट स्वीट या इंग्रज वनस्पतिज्ञाने दोन्ही प्रजाती एक कराव्यात असे सुचविले. ते सर्वमान्य होण्यास बराच काळ गेला. आज चहाचे शास्त्रीय नाव 'कॅमेलिया सायनेन्सिस' असे आहे. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'चीनची'.

या प्रजातीत जाती किती, याविषयीही एकमत नाही. १९५८ साली इंग्लंडमधील जे. आर. सीली यांनी ८२ जाती मानल्या. २००० साली चीनमधील मिंग तिएनलू यांनी ११९. बहुतेक जाती दक्षिण चीनमध्ये आहेत. पूर्व हिमालय, ईशान्य भारत, म्यानमार, व्हिएतनाम, तैवान, कोरिया, जपान आणि दक्षिणेस इंडोनेशिया असा या प्रजातीचा एकूण पसारा आहे.

पान, फूल आणि फळ

कॅमेलियाच्या जाती झुडपे किंवा लहान वृक्ष असतात. त्या सदाहरित असतात म्हणजे त्यांची पाने कधीच गळत नाहीत असे नव्हे. सर्व पाने एकाच ऋतूत न गळता जुनी जात राहतात, नवी येत राहतात, म्हणून झाड कधी उघडे पडत नाही. पाने साधी, एकाआड एक, आखूड देठाची, जाडसर, चिवट आणि वरून तुळतुळीत असतात. कडा बारीक दातेरी असते. पानाच्या गाभ्यात जाड भिंतींच्या, वेड्यावाकड्या फांद्या फुटलेल्या कठीण पेशी असतात. त्यांना दृढकोशिका म्हणतात. चहाच्या भुकटीत दुसऱ्या झाडाच्या पाल्याची भेसळ आहे काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना या पेशी उपयोगी पडतात. कारण पान चुरले तरी त्या टिकून राहतात.

फुले पानांच्या बगलेत किंवा फांदीच्या टोकाशी येतात. ती द्विलिंगी असतात. पाकळ्या साधारणतः पाच ते नऊ, तळाशी किंचित जुळलेल्या. आत पिवळ्या केसरांचा दाट झुबका. मध्यभागी तीन ते पाच कप्प्यांचा ऊर्ध्वस्थ किंजपुट. रंग पांढरा, गुलाबी किंवा लाल. काही थोड्या जातींत पिवळा. फळ म्हणजे बोंड. ते वाळले की तडकते व आतून कठीण कवचाच्या तेलकट बिया बाहेर पडतात. चहाचे फळ बहुधा तीन फुगीर गोल भागांचे दिसते आणि प्रत्येक भागात एखादी गोल बी असते.

चहाच्या फळाला पिकण्यास जवळजवळ वर्ष लागते. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाशी झाडावर यंदाची पांढरी फुले आणि गेल्या वर्षीची फळे एकाच वेळी पाहावयास मिळतात. मळ्यात मात्र हे दृश्य विरळा. तेथे झाड वारंवार छाटून कमरेएवढे ठेवतात, म्हणजे सतत कोवळे कोंब फुटावेत आणि ते उभ्या माणसाच्या हाताला लागावेत. मोकळे वाढू दिले तर आसामी चहाचे झाड १० मीटरांहूनही उंच होते. चित्रांतून आपण पाहतो ती हिरवी गालिच्यासारखी सपाटी ही झाडाची प्रकृती नव्हे, ती माणसाच्या कोयत्याची कृती आहे.

काही प्रमुख जाती

जपानी कॅमेलिया (कॅमेलिया जापोनिका) हे जपान, कोरिया व चीनच्या किनाऱ्यालगतचे झाड. जपानी भाषेत त्याला 'त्सुबाकी' म्हणतात. ऐन हिवाळ्यात, इतर झाडे निष्पर्ण असताना, त्याला लालभडक फुले येतात. पाकळ्या आणि केसर तळाशी जुळलेले असल्यामुळे फूल पाकळी-पाकळीने झडत नाही. ते अख्खे देठापासून सुटून खाली पडते. त्याच्याच जवळची 'सासान्क्वा' ही जाती शरद ऋतूत फुलते. तिची फुले सुवासिक असतात आणि पाकळ्या एकेक करून झडतात. दोन भगिनी जातींतील एवढा एक भेदही नवख्या अभ्यासकाला ओळखण्यास पुरतो.

दक्षिण चीनमधील 'कॅमेलिया ओलीफेरा' तेलासाठी लावतात. हूनान, चिआंगशी, क्वांगशी या प्रांतांत तिच्या बियांचे तेल स्वयंपाकात वापरले जाते. त्यात ओलेइक आम्लाचे प्रमाण फार मोठे, सुमारे ८० टक्के असते. या बाबतीत ते ऑलिव्ह तेलाच्या पंक्तीला बसते. तेल काढून उरलेल्या पेंडीत सॅपोनिन नावाचे, पाण्यात फेस आणणारे द्रव्य असते. ते माशांना विषारी असल्याने कोळंबीच्या तळ्यांतील नको असलेले मासे नाहीसे करण्यासाठी ही पेंड वापरतात.

क्वांगशी प्रांतात व लगतच्या व्हिएतनाममध्ये 'कॅमेलिया निटिडिसिमा' ही सोनेरी पिवळ्या फुलांची जाती आढळते. कॅमेलियात पिवळा रंग दुर्मीळ असल्यामुळे विसाव्या शतकात ती अभ्यासकांना ठाऊक झाल्यावर जगभरच्या बागवानांची तिच्यावर दृष्टी गेली. त्यातून झाडे उपटून नेण्याचे प्रमाण वाढले, आणि चीनमध्ये तिला कायद्याने संरक्षण द्यावे लागले. सौंदर्यही कधी कधी झाडाच्या मुळावर येते.

आपल्या बाजूची जाती म्हणजे 'कॅमेलिया किस्सी'. नेपाळ व ईशान्य भारताच्या डोंगरांत ती रानटी वाढते. तिची फुले लहान व पांढरी, पाने चहासारखीच दिसणारी. १८२० साली तिचे शास्त्रीय वर्णन नाथानिएल वॉलिच यांनी केले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

फुलाचे मित्र, फळाचे शत्रू

हिवाळ्यात कीटक थोडे असतात. मग जपानी कॅमेलियाचे परागण कोण करतो? ते काम मुख्यतः पक्षी करतात. फुलात भरपूर मकरंद असतो, आणि तो पिण्यासाठी डोळ्यांभोवती पांढरे वर्तुळ असलेला एक छोटा हिरवट पक्षी येतो. आपल्याकडे बागेत दिसणाऱ्या चष्मेवाल्या पक्ष्याचाच तो जपानी भाऊबंद. चोच आत घालताना त्याच्या तोंडाला पिवळे पराग लागतात आणि तो ते पुढच्या फुलाकडे नेतो.

फळाची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. या झाडाच्या बिया खाणारा एक सोंडकिडा जपानात आहे. मादी आपल्या लांब सोंडेने फळाच्या सालीला भोक पाडते व आत बीपर्यंत पोहोचून अंडे घालते. साल जाड असेल तर सोंड बीपर्यंत पोहोचत नाही व बी वाचते. म्हणजे जाड सालीच्या झाडांना संतती अधिक. पण मग अशा फळांत लांब सोंडेच्या माद्यांनाच यश येते, म्हणून किड्यांतही लांब सोंड वाढत जाते. हिरोकाझू तोजू आणि तेइजी सोता या संशोधकांनी जपानातील निरनिराळ्या ठिकाणची फळे व किडे मोजून दाखविले की, जेथे साल जाड तेथे सोंडही लांब. दक्षिणेकडील याकुशिमा बेटावर तर फळे लहान सफरचंदाएवढी दिसतात, आणि किड्याची सोंड त्याच्या उरलेल्या शरीराहून लांब असते. उत्क्रांती पुस्तकात शिकताना ती भूतकाळातील घटना वाटते. येथे ती एका फळाच्या सालीत मोजपट्टीने मोजता येते.

एकच झाड, अनेक चहा

चहाच्या झाडाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. चिनी प्रकार बुटका, लहान पानांचा व थंडी सोसणारा. आसामी प्रकार उंच, मोठ्या पानांचा व उष्ण-दमट हवेत फोफावणारा. चहाचे फूल बहुतांशी स्वतःच्या परागांनी फळत नाही; त्याला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे बीपासून उगवलेले प्रत्येक रोप थोडे निराळे निपजते आणि दोन्ही प्रकारांचा संकर सहज होतो. एकसारखा माल हवा म्हणून आता मळ्यांत एका पानाच्या कलमापासून रोपे तयार करतात. आसामातील जोरहाट येथे १९११ साली स्थापन झालेले टोकलाई संशोधन केंद्र अशाच कामासाठी प्रसिद्ध आहे.

हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळ्या झाडांची पाने आहेत, असा समज युरोपात दीर्घकाळ होता. लिनीअस यांनीही १७६२ च्या आवृत्तीत त्यांना दोन जाती मानले. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमध्ये फिरून दोन्ही चहा एकाच झाडापासून होतात हे दाखविले. फरक झाडात नसून कृतीत आहे. कोवळ्या पानात सुक्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पॉलिफेनॉल गटातील तुरट द्रव्ये असू शकतात. ती पेशीच्या एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर क्रिया करणारे एंझाइम दुसऱ्या कप्प्यात. पान चुरडले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पान तांबूस-काळे पडते. चिरलेले सफरचंद वा वांगे काळे पडते, तशीच ही क्रिया. पान तोडल्याबरोबर वाफेने किंवा कढईत तापविले तर एंझाइम निकामी होते आणि चहा हिरवा राहतो. व्यवहारात या काळे पडण्याला 'आंबविणे' म्हणतात. पण त्यात जंतूंचे काम नाही, म्हणून तो शब्द शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही. आपल्या घरी येणारी दाणेदार भुकटी पान चिरडून, फाडून, वळवून करतात; त्या यंत्राचा शोध १९३० च्या सुमारास आसामातच लागला.

चहाने तरतरी येते ती कॅफीनमुळे. झाडाने ते आपल्यासाठी निर्माण केलेले नाही. कोवळे कोंब खाणाऱ्या किड्यांना आवरण्याचे ते साधन आहे. म्हणूनच ते कोवळ्या पानांत अधिक असते. २०१७ साली चीनमधील संशोधकांनी चहाच्या झाडाचा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा जनुकसंच वाचला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली : कॉफी व चहा या दोन झाडांनी कॅफीन बनविण्याची विद्या एकमेकांपासून घेतलेली नाही, दोघांनी ती स्वतंत्रपणे साधली आहे. चहातील दुसरे वैशिष्ट्यपूर्ण द्रव्य थिअनिन. ते मुळांत तयार होते, पानांत चढते आणि उन्हात त्याचे तुरट द्रव्यांत रूपांतर होते. म्हणून जपानी शेतकरी तोडणीपूर्वी काही आठवडे मळ्यावर सावली धरतात. त्यामुळे चहाचा तुरटपणा घटतो व चव मधुर होते.

विहारांतून झालेला प्रवास

चहाच्या प्रसारात बौद्ध विहारांचा वाटा मोठा आहे. मात्र चहाचा वापर त्याहून जुना. चीनच्या हान वंशातील सम्राट चिंग याचा मृत्यू इ. स. पू. १४१ मध्ये झाला. त्याच्या समाधीत सापडलेला पाला चहाचाच असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सिद्ध झाले. कॅफीन आणि थिअनिन या दोहोंचे अंश त्यात मिळाले.

चहावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ आठव्या शतकात लू यू यांनी लिहिला. लू यू हे अनाथ बालक. एका बौद्ध विहारात त्यांचे पालनपोषण झाले आणि अक्षरओळखही झाली. त्यांच्या ग्रंथात चहाची पाने, फूल, बी यांचे इतर ओळखीच्या झाडांशी तुलना करून वर्णन आहे. कोणती जमीन उत्तम व कोणती कनिष्ठ, याचाही विचार आहे. विहाराच्या आश्रयाने वाढलेल्या एका पोरक्या मुलाच्या हातून एका वनस्पतीचा असा आद्य अभ्यास व्हावा, ही गोष्ट निवासी शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनाशी जपावी अशी आहे.

ध्यानाच्या वेळी झोप आवरावी म्हणून भिक्षू चहा घेत. ११९१ साली जपानी भिक्षू एइसाई चीनहून परतले ते चहाच्या बिया घेऊन. १२११ साली त्यांनी चहाच्या आरोग्यगुणांवर पुस्तक लिहिले. बोधिधर्मांनी झोप येते म्हणून पापण्या कापून टाकल्या व त्यांतून चहाचे झाड उगवले, अशी एक लोककथा सांगतात. ती कथा म्हणून गोड आहे. पण झाडाचा जन्म दक्षिण चीन व लगतच्या डोंगरांत, माणसाच्या कितीतरी आधी झाला, हे तथ्य आहे. दोन्ही आपापल्या जागी ठेवावीत.

ओळखण्यास लागलेली अकरा वर्षे

आता आपण भारताकडे येऊ. वरच्या आसामात सिंगफो नावाचा समाज राहतो. ते थेरवादी बौद्ध आहेत. चहाची पाने भाजून, बांबूच्या नळीत ठासून, चुलीवरच्या धुरात टांगून ठेवण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस हा स्कॉटिश व्यापारी तेथे गेला. सिंगफो प्रमुख बीसा गाम यांच्याशी त्याची भेट झाली आणि चहाची रोपे देण्याचे ठरले. रॉबर्टच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस याने रोपे व बिया इंग्रज अधिकाऱ्यांकडे दिल्या. तेथून नमुने कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात अधीक्षक वॉलिच यांच्याकडे पोहोचले.

वॉलिच यांचे मत पडले : ही कॅमेलियाची एखादी जाती आहे, चहा नव्हे. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच नेपाळातील कॅमेलिया किस्सी जगापुढे ठेवली होती. तेव्हा चहासारखे पान असूनही चहा नसलेले झाड असू शकते, हे ते जाणत होते. त्यांच्या शंकेला आधार होता. पण एका बाजूला पानांची शंका होती आणि दुसऱ्या बाजूला त्या पानांचा चहा पिढ्यान्‌पिढ्या पिणाऱ्या माणसांची साक्ष होती. ती साक्ष पुरावा म्हणून कोणी मोजली नाही. १८३१ मध्ये लेफ्टनंट अँड्र्यू चार्ल्टन यांनी पाठविलेली रोपेही अशीच बाजूला पडली.

१८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चीनच्या व्यापाराचा मक्ता गेला आणि सरकारला भारतात चहा पिकविण्याची निकड भासली. १८३४ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी चहा समिती नेमली. चीनहून बिया आणण्यासाठी माणूस रवाना झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्टन यांनी आसामातून पाने व फळे धाडली. तीन फुगीर भागांचे ते बोंड पाहिल्यावर वॉलिच यांची खात्री पटली, आणि चहाचे झाड आसामात मूळचेच आहे, असे समितीने डिसेंबर १८३४ मध्ये सरकारला कळविले. जानेवारी १८३९ मध्ये आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला.

या घटनेतील खरी गंमत आजच्या वर्गीकरणाने उघड होते. 'हा चहा नव्हे, कॅमेलिया आहे' असे वॉलिच म्हणाले. आज आपण म्हणतो, चहा हीच कॅमेलिया आहे. ज्या रेषेच्या आधारे झाड नाकारले गेले, ती रेषा निसर्गात नव्हतीच. ती पुस्तकात होती. त्यातही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातून असे संकेत मिळतात की, भारतातील आसामी चहा हा चीनमधील चहाहून स्वतंत्रपणे माणसाने जवळ केलेला आहे. सिंगफो लोकांच्या चुलीवरील बांबूच्या नळीला शास्त्राने दिलेली ही उशिराची दाद म्हणावयास हवी.

मळ्यातील हात

चहाचे वनस्पतिशास्त्र लिहिताना मळ्यातील माणसे वगळता येत नाहीत. कारण 'दोन पाने आणि एक कळी' ही तोडणी मुख्यतः बायकांच्या बोटांनी होते. आसामात मळे वाढले तेव्हा छोटा नागपूर, ओडिशा व मध्य भारतातून आदिवासी व दलित मजुरांना करारावर नेण्यात आले. १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना दिला. स्वतंत्र भारतात १९५१ चा मळे कामगार कायदा झाला; त्याने घर, पाणी, औषधोपचार, पाळणाघर आणि मुलांचे शिक्षण यांची जबाबदारी मालकांवर टाकली. ती कायद्याच्या अक्षराप्रमाणे सर्वत्र पार पडते काय, हा प्रश्न आजही विचारला जातो.

आणि पेल्याच्या या टोकाला काय घडले? आपल्यातील अनेकांच्या आजोबांनी गावच्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी पाहिली आहे, ती स्वतः विसळून जागेवर ठेवली आहे. ज्या पेयासाठी आदिवासी बाईने पान खुडले, ते पेय पिताना माणसाला माणसापासून दूर बसविले गेले. झाडांच्या जाती पुराव्याने बदलल्या. माणसांवर लादलेल्या जातींच्या बाजूने कोणताच पुरावा कधी नव्हता, तरी त्या पुसण्यास किती झगडावे लागले, हे या शाळेच्या वाचकांना सांगावयास नको.

आपली माती आणि हे झाड

भारतात दरवर्षी सुमारे १३० कोटी किलो चहा तयार होतो आणि त्यातील निम्म्याच्या आसपास एकट्या आसामात. महाराष्ट्रात तो का होत नाही? चहाला आम्लधर्मी माती लागते, साधारणपणे ४.५ ते ५.५ इतका सामू त्याला मानवतो. अशा मातीत ॲल्युमिनियम विरघळते व बहुतेक पिकांच्या मुळांना इजा करते. चहाचे झाड मात्र ते शोषून जुन्या पानांत साठवून ठेवते व त्यावर जोमाने वाढते. दख्खनची काळी माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी. तेथे त्याची मुळे तग धरत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभा माती आम्लधर्मी आहे, पण तेथील पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो व पुढे दीर्घ कोरडा काळ येतो. चहाला वर्षभर वाटून पडणारा पाऊस व ओलसर हवा हवी. आपल्या परसातील 'गवती चहा' हे तर नावापुरतेच चहाचे नातेवाईक. ते गवताच्या कुलातील सुगंधी तृण आहे, त्यात कॅफीन नसते.

तरीही झाड दूर आहे म्हणून अभ्यास अडत नाही. वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. अख्ख्या पानांचा हिरवा किंवा दार्जिलिंगचा चहा गरम पाण्यात दहा मिनिटे भिजत ठेवावा. गुंडाळलेली पाने उलगडतील. ती पांढऱ्या बशीत हलकेच पसरावीत. दातेरी कडा, मधली शीर, कडेपूर्वीच वळून एकमेकींना मिळणाऱ्या उपशिरा भिंगातून दिसतील. नशीब असेल तर दोन पाने व न उमललेला कोंब एकाच दांडीवर सापडेल. नंतर नेहमीची दाणेदार भुकटी तशीच भिजवावी. तिच्यात पान सापडणार नाही. पण सूक्ष्मदर्शक असेल तर चुऱ्यातही त्या फांदीदार दृढकोशिका शोधता येतील. विद्यार्थ्याने दोन्हींची चित्रे वहीत काढावीत व आपण काय पाहिले तेवढेच लिहावे.

कॅमेलियाच्या अभ्यासातून अखेर हाती येते ते हेच. पान पाहून घाईने निर्णय देऊ नये, फळाची वाट पाहावी. आणि ज्यांनी ते झाड पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहे, त्यांना आधी विचारावे. मोठ्या विद्वानाची शंकाही तपासून घ्यावी आणि डोंगरातल्या माणसाचा शब्दही तपासून घ्यावा. दोघांना एकच कसोटी लावावी. आपल्या विद्यार्थ्यांनी गावाकडे जाताना वही सोबत न्यावी, आजीला शेताच्या बांधावरील झाडांची नावे विचारावीत, ती तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि मग पुस्तकातील नावाशी ताडून पाहावीत. दोन्हींत मेळ बसला नाही, तर आजीचे नाव खोडण्यापूर्वी झाडाकडे पुन्हा एकदा पाहावे.